देवळाच्या कळसाआधी सातबारा घ्या: गावोगावच्या मुंबई मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार व सर्व सभासद,
कोकणातल्या गावोगावची ग्रामविकास मंडळं,
मुक्काम लालबाग, भांडुप, डोंबिवली, नालासोपारा, विरार आणि जिथे जिथे आपली माणसं असतील तिथे.

सप्रेम नमस्कार, वि. वि.

गणपतीला तुम्ही येणारच. रेल्वेचं आरक्षण मिळालं नसेल तर एसटीची जादा गाडी आहे. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी देवळात मंडळाची सभा लागते, आणि तिचा अजेंडा आम्हाला पाठ आहे: मागील सभेचं इतिवृत्त, जमाखर्च, जीर्णोद्धार, सभामंडपाची फरशी, पाखाडी, वर्गणीवाढ, आयत्या वेळचे विषय. यंदा पहिला विषय सातबाऱ्याचा घ्या. हे पत्र तेवढ्यासाठीच आहे. कळसाचं पुढच्या वर्षी बघू.

मी राजापूर तालुक्यातली, गावात राहणारी सून. भात लावते, काजू वेचते, बचतगटाचा हिशेब ठेवते. घरचे पुरुष मुंबईला, आणि वाडीतल्या निम्म्याअधिक घरांची हीच तऱ्हा. २०११ च्या जनगणनेत आधीच्या दहा वर्षांच्या तुलनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या जवळजवळ पाच टक्क्यांनी आणि सिंधुदुर्गाची दोन टक्क्यांहून थोडी जास्त घटली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका निघाल्या. आमच्याकडे मुली जास्त जन्मतात म्हणून हा आकडा आलेला नाही. पुरुष लोकलला लटकतायत म्हणून आलाय. आणि आपल्याच बागा राखायला, आंबे उतरवायला नेपाळहून माणसं येतात, तीही आपलं शेत मागे टाकून.

गावाला परत या, असं मी म्हणत नाही. तुमच्या मनीऑर्डरींवर इथली घरं चालली, पोरं शिकली, म्हाताऱ्यांची ऑपरेशनं झाली. खोलीचे हप्ते आणि मुलांच्या शाळा सोडून कोणी येत नसतं, ते आम्हालाही कळतं. मागणं वेगळंच आहे. जे इथे राहिलेत आणि ज्यांना राहायचंय, त्यांचं काम तुमच्या सहीपाशी अडतं. सरकारलाही लिहायचं आहे, पण ते नंतर.

आमच्या घरचाच एक सातबारा घ्या. क्षेत्र सव्वादोन एकर, त्यात निम्मं पोटखराब (लागवडीला न येणारं), आणि खाली एकेचाळीस नावं. सगळ्यांत वर चुलत आजेसासरे, जे गिरण्यांचा संप सुरू व्हायच्याही आधी गेले. एका नावापुढे अजून ‘अ. पा. क.’ आहे, म्हणजे अज्ञान मुलगा आणि त्याची पालनकर्ती आई. तो अज्ञान मुलगा आता बेस्टमधून रिटायर होऊन कल्याणला नातवंडं सांभाळतो. चार नावांचे वारस कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही. एक आत्या कोल्हापूरकडे दिलेली, तिची मुलं आपल्याला ओळखतसुद्धा नाहीत. आणि जमीन कसणारी मी, माझं नाव त्यात कुठेच नाही.

याच कागदावर सगळं चालतं. काजूची कलमं लावायला सरकारी अनुदान हवंय? सहहिस्सेदारांची संमतीपत्रं आणा. विहीर, पाइपलाइन, कुंपण? संमतीपत्रं. बँकेत पीककर्जाला गेलं तर तिथला साहेब सातबारा बघूनच हसतो. शासनाच्या योजना कमी नाहीत हो. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, त्यात कोकणातले उघडे डोंगर आंब्या-काजूने भरले. पण जरा आठवून बघा, आपल्या गावात तेव्हा बागा कोणाच्या झाल्या? ज्यांच्या बापाने वेळेवर वाटण्या करून ठेवल्या होत्या त्यांच्या. बाकीच्यांच्या वरकसात, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीत, करवंदीच्या जाळ्या वाढल्या.

मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दिवेआगर, श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या वाड्यांतली पिढ्यान्‌पिढ्यांची नारळ-पोफळ एका दुपारी आडवी झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते आलं ते उरलेला आंबा झाडाखाली टाकून गेलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर डोंगर आला. सव्वा वर्षाच्या आत एवढं सगळं. निसर्गच्या वेळी हेक्टरी भरपाईचा हिशेब आपल्या गुंठ्यांच्या वाड्यांना बसेना, म्हणून मग झाडागणिक ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. रक्कम बघून रडावं की हसावं ते कळत नव्हतं, पण तेवढ्यावरूनही घराघरांत भांडणं लागली. पैसे कोणाच्या खात्यात? झाड लावलं कोणी, पाणी घातलं कोणी, नाव कोणाचं? माझ्या माहेरी दोन भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. पोफळी पुन्हा लागल्या, त्यांना फळ धरेल तेव्हा धरेल.

वादळं पेपरात तरी येतात. रोजचं बिघडलेलं येत नाही. पाऊस नोव्हेंबरातही रेंगाळतो, मग झाडाला मोहराऐवजी पालवी फुटते. मोहर आला की त्यावर अवकाळी, मग तुडतुडे आणि थ्रिप्स, मग फवारणीवर फवारणी. मार्चच्या उन्हात सुपारीएवढी कैरी गळून पडते. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच झाला, पण मानांकनाने कैरी देठाला टिकत नाही. फळपीक विमा आहे. मात्र तो तुमच्या झाडाकडे बघत नाही, महसूल मंडळातल्या हवामान केंद्राने काय नोंदलं ते बघतो. आणि विमा उतरवायला पुन्हा सातबारा लागतोच.

आता जमिनीबद्दल, कारण मुंबईतून एक गोष्ट दिसत नाही. पडीक जमीन आपल्या जागी गप्प पडून राहत नाही, ती शेजाऱ्याचंही नुकसान करते. आमची भातशेती उतरणीवर आहे, कोपऱ्याखाली कोपरा, म्हणजे खाचराखाली खाचर. वरचा कोपरा कोणी लावत नसेल तर त्याची मेर, म्हणजे बांध, कोणी बांधत नाही. खेकडे भोकं पाडतात, गुरं तुडवतात, आणि जुलैच्या एका रात्री मेर फुटते. मग वरचं पाणी माती, दगड, मुळं घेऊन खालच्या कोपऱ्यात उतरतं. लावणी होऊन आठवडासुद्धा झालेला नसतो. गेल्या पावसात माझा खालचा कोपरा असाच चिखलाने भरला. सकाळी जाऊन पाहिलं तर रोपांची फक्त टोकं वर. वरचा कोपरा ज्यांचा, ते डोंबिवलीला. फोन केला तर म्हणाले, “वहिनी, आम्ही कुठे शेती करतो? तुम्हीच बांधा ना मेर.” बांधली असती. पण आदल्याच वर्षी तिथला दगड हलवला म्हणून त्यांच्याच धाकट्या भावाने ‘अतिक्रमण’ म्हणून माझ्या नावाने अर्ज केला होता.

तीच गत वणव्याची. वरकसातलं गवत कोणी कापत नाही, गुरं राहिली नाहीत म्हणून चरतही नाही. फेब्रुवारीपर्यंत ते कमरेएवढं वाढून कडकडीत वाळतं. मग विजेच्या तारांची ठिणगी म्हणा, कोणी टाकलेली विडी म्हणा. भर दुपारी धूर दिसतो आणि आम्ही बायका टहाळे तोडून धावतो. वाडीत धावण्याजोगे पुरुष तीन, त्यातले दोन साठीच्या पुढचे. काजूचं झाड दरवेळी पुरतं जळत नाही. एका अंगाची पानं तांबडी होऊन लटकतात, मोहर करपतो, आणि त्या वर्षीची बी तर गेलीच, पुढचीही धड येत नाही. वानर आणि डुकरांचं तर सांगायला नको, पडीक रानात लपायला जागा आहे तोवर ती हटणार नाहीत.

जमीन पडीक का? विचारलं की तुमच्यातले निम्मे जण हळू आवाजात एकच सांगतात: कसायला दिली तर कूळ लागेल, म्हणजे कसणाराच कायद्याने जमिनीवर हक्क सांगेल. या भीतीला इतिहास आहे, ती मी हसण्यावारी नेत नाही. खोतीखाली, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या खोतांच्या हाताखाली, आपल्याच पणज्यांनी दिवस काढले. १९३३ साली अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पाठीशी शेतकऱ्यांनी संप पुकारला तो सहा वर्षं चालला. खोती मोडायचं बिल बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधिमंडळात मांडलं, खोती नाहीशी करणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं. १९४८ चा कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, आणि कसणारे मालक झाले. आपल्यातल्या बहुतेकांच्या सातबाऱ्याची सुरुवात तिथूनच. ज्या कायद्याने आपल्याला जमीन दिली त्याच कायद्याला घाबरून आपण ती पडीक टाकावी, हे मला तरी झेपत नाही.

शिवाय त्याच कायद्याचं कलम ४ नीट वाचा. मालकाच्या कुटुंबातला माणूस त्याची जमीन कसत असला तर तो कूळ मानला जात नाही. सहहिस्सेदार तर स्वतःच मालक, सामायिक जमिनीचा त्याचा ताबा कायदा साधारणपणे सगळ्यांच्या वतीने धरतो. तरी धास्ती असेल तर वकिलाकडून लिहून घ्या, साक्षीदार घाला, मुदत घाला. दहा-पंधरा वर्षांची मुदत मात्र हवी. कलमी काजू धरायला तीन-चार वर्षं लागतात, आंब्याला त्याहून जास्त. पुढच्या मे महिन्यात कोणी येऊन “हा आमचा हिस्सा” म्हणणार असेल तर झाड कोण लावील?

आणि तसं म्हणायला आता परकी माणसंही येतात. अविभक्त हिस्सा विकता येतो, हे एजंटांना तुमच्याआधी कळलंय. ते गावात येत नाहीत. नालासोपाऱ्याला एका भावाच्या घरी जातात, मुलीच्या लग्नाचं कर्ज आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि एकेचाळीस नावांतलं एक नाव विकत घेतात. मग कोर्टात वाटपाचा दावा. राहिलेली चाळीस नावं तारखांना थकली की स्वस्तात मोकळी होतात. नाणारला रिफायनरी येणार म्हणून गाजावाजा झाला तेव्हा बाहेरच्यांनी तिथे किती जमीन घेऊन ठेवली होती ते सगळ्यांनी वाचलंय. २०१९ मध्ये नाणारची अधिसूचना रद्द झाली, एप्रिल २०२३ मध्ये रिफायनरीच्या नव्या जागेसाठी बारसूच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) माती तपासणीच्या वेळी बायाबापड्या उन्हात झोपल्या. मार्च २०२४ मध्ये कोकण किनाऱ्याच्या १,६३५ गावांसाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं. प्रकल्प चांगला की वाईट हे तुम्ही तुमचं ठरवा, माझं मत वाडीत सगळ्यांना माहीत आहे. पण प्रत्येक घोषणेनंतर एजंटांचे फोन वाढतात, एवढं लक्षात घ्या. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे वारसांपैकी कोणी हिस्सा विकणार असेल तर बाकीच्या वारसांना आधी विचारलं जाण्याचा हक्क आहे. निदान तेवढं तरी पाळा. अडचण असेल तर आधी घरात सांगा. मंडळाच्या शिलकीतून देवळाला लाखांनी निघतात, मग एखाद्याचा हिस्सा गावातच ठेवायला का निघू नयेत?

जंगलाचंही तसंच. किंजळ, ऐन, जांभा दगडात रुजलेली जुनी आंब्या-फणसाची झाडं ठेकेदार ठोक भावात घेतो, कारखान्यांच्या भट्ट्यांना लाकूड जातं. सही होते मुंबईत, डोंगर बोडका होतो इथे. तळिये का झालं ते भूशास्त्रज्ञांनी सांगावं, अतिवृष्टी हे कारण तर आहेच. पण आमच्या घरामागच्या उतारावरची झाडं गेल्या उन्हाळ्यात गेली, आणि यंदाच्या प्रत्येक रेड अलर्टला आम्ही रात्री शाळेत झोपायला गेलो.

खाडीकाठच्या मंडळांना वेगळं सांगते. खारबंदिस्ती, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध घालणं, पूर्वी गाव मिळून करायचं. १९७९ च्या खारभूमी कायद्यानंतर बरेच बांध शासनाकडे आहेत, पण भगदाड पडलं की कळवायला तरी गावात माणूस लागतो. एकदा खारं पाणी आत शिरून दोन-तीन वर्षं राहिलं की कांदळवन रुजतं. कांदळवन कायद्याने राखलेलं आहे, आणि ते राखायलाच हवं. फक्त ती जागा पुन्हा भाताची होत नाही. मग त्या पाण्यातूनच काही करायचं: खेकडे, कालवं, शिंपले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात आणि त्यावर घरं चालवतात. खारं अजून जिथे थोडंच चढलंय तिथे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राची खारं सोसणारी भातं, पनवेल-१, २, ३, लावून बघता येतात. पण बियाणं आणायचं कोणी, आणि कोणाच्या कोपऱ्यात लावायचं?

माझा मुलगा आयटीआय झालाय. त्याला इथे राहायचंय असं तो म्हणतो, अजून तरी. एका पिकावर कोकणात घर चालणार नाही हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. हापूसच्या एका हंगामावर सगळं लावणारे बागायतदार गेल्या काही वर्षांत काय भोगतायत ते तो बघतोय. त्याचा हिशेब असा: खाली भात, भातामागे कुळीथ आणि भाजी, उतारावर काजूच्या वेंगुर्ला-४ आणि ७ ची कलमं, बांधाला कोकम, चार शेळ्या, पावसाचं पाणी साठवायला प्लास्टिक घातलेली जलकुंडं, म्हणजे कलमं पहिले उन्हाळे तगतील. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो, याची लाज आता वाटेनाशी झालीय. काजूचा भाव पडतो, बाहेरून बी येते, तेही खरं. म्हणून गटाने काजूबी फोडून विकायची त्याची कल्पना आहे. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, तर आपण अजूनही फेकूनच देतो. जमेल, नाही जमणार, मला माहीत नाही. पण या प्रत्येक कामाला दहा वर्षं हलणार नाही अशी जमीन लागते. ती मिळाली नाही तर तो लोट्याच्या कारखान्यांत जाईल, किंवा तुमच्याकडे, तुमच्याच खोलीत पोटमाळ्यावर.

तर सभेत काय करायचं? मेलेल्यांची नावं काढून वारस लावणं पहिलं. २०२५ मध्ये शासनाने ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढली ती याचसाठी. तेव्हा आमच्या गावातून कागद गेले थोडेच, कारण वारसांचे दाखले मुंबईत आणि मुंबईकरांना सुट्टी नाही. वारस लावताना बहिणींची नावं गाळू नका, आणि गणपतीच्या जेवणानंतर त्यांच्यापुढे हक्कसोडपत्र सरकवायची पद्धत बंद करा. २००५ पासून मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार आहे. कसणारी सून, विधवा भावजय यांचंही नाव लागेल असं बघा. आमच्या नावावर काही नसल्यामुळे आम्ही शेतकरीच नाही, मजूरही नाही, कसल्याच यादीत नाही.

वाटणी केलीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. भाताच्या खाचरांचे आणखी तुकडे पाडून कोणाचं भलं होत नाही. ज्यांचं एकमत आहे त्यांनी तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज करावा, शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीसुद्धा आता माफ झाली आहे. ज्यांच्या जमिनी एकमेकांच्या ताब्यात गेल्यात त्यांनी २०२३ च्या सलोखा योजनेची चौकशी तलाठ्यांकडे करावी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). बाकीच्यांनी निदान कोण काय कसणार, झाडं लावली तर उत्पन्न कोणाचं आणि झाडतोड कोणाला विचारून, एवढं स्टँपपेपरवर लिहावं. आणि मंडळाच्या खर्चातून दर डिसेंबरात गावाभोवती जाळपट्टे (वणवा अडवायला गवत काढलेले पट्टे) काढायला मजुरी द्यावी. सभामंडपाच्या फरशीपेक्षा स्वस्त पडेल, मी हिशेब काढलाय.

भांडणं होतील. होऊ देत, सगळे समोरासमोर असताना झालेली बरी. मे महिन्यात दोघे, शिमग्याला तिघे, असं करत करत ती पुढच्या पिढीला पोचवली तर पोरं एकमेकांना फक्त कोर्टाच्या पायरीवर भेटतील.

वाडीतल्या आम्ही चौघीजणी गणपतीआधी घराघरांचे सातबारे, आठ-अ (खात्याचे उतारे) आणि जुने फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) काढून देवळात आणून ठेवतो. त्याचा खर्च बचतगट करील, मंडळाकडे मागणार नाही. सभेला तलाठ्यांना आणि एखाद्या वकिलांना बोलावायचं पत्र मात्र मंडळाच्या लेटरहेडवर लागेल, ते सचिवांनी लवकर पाठवावं.

आपली,
गावात राहणारी एक सून

ता. क. येताना आधार कार्ड, आई-वडिलांचे आणि आजी-आजोबांचे मृत्यूचे दाखले, आणि असतील तर जुन्या वाटणीचे कागद घेऊन या. झेरॉक्स चालणार नाही, मूळ आणा. गावात झेरॉक्सचं मशीन आहे, लाइट असली की चालतं.